कांद्याच्या चाळीतलं पिल्लू

सिनेमा दाखवणाऱ्या बाईंना शिकवायचा कंटाळा आलेला असतो, याबद्दल मी नोकरी केली त्या प्रत्येक शाळेत कमालीची एकी होती. मोठे सर विचारायचे, "काय मॅडम, आज आराम वाटतं?" खिचडी शिजवणाऱ्या मावशी तर टीव्हीचा आवाज आला की पदराला हात पुसत यायच्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. ऐन रंगात आलेला पिक्चर मी थांबवला की मुलांच्या आधी त्याच ओरडायच्या, "आता गं बया! थांबवला कशाला?" सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. पुढे मी उत्तर देणंच सोडलं.

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा एकदा सांगूनच टाकते. वर्गात सिनेमा दाखवणं हे फळ्यावर भागाकार करून दाखवण्यापेक्षा अवघड काम आहे. तो आधी घरी दोन-तीनदा पाहावा लागतो, आणि मजेसाठी नाही, तर थांबायच्या जागा शोधायला. गोष्टीतल्या माणसाला आता काहीतरी ठरवावंच लागणार, अशी जागा आली की टीव्ही बंद करायचा आणि वर्गाच्या मध्ये एक खुर्ची ठेवायची. एका मुलाने त्या खुर्चीत बसून पिक्चरमधलं पात्र व्हायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि त्याने ते पात्र होऊन उत्तरं द्यायची. पुस्तकातला धडा वाच म्हटलं की ज्याची बोबडी वळते, ते पोर या खुर्चीत बसलं की थांबता थांबत नाही. बाकी भाषेचा तास म्हणजे आणखी काय असतं?

मी निवडायचे ते सिनेमे घरगुती. आई-बाप, भावंडं, रुसवे-फुगवे, शेवटी सगळे एका ताटात. पण खुर्चीत बसलेलं मूल पिक्चरमधलं बोलत नाही, आपल्या घरातलं बोलतं, हे मला घोटीच्या शाळेत कळलं. तिथे एक मुलगा पिक्चरमधला बाप होऊन बसला. "मुलाला का मारलं?" असं कुणीतरी विचारलं, तर पठ्ठ्याने आपल्या बापाच्या आवाजात, बापाच्या शिव्यांसकट अशी काही उत्तरं दिली, की दुसऱ्या दिवशी बाप फाटकात हजर. "तुमच्या पिक्चरात माझं नाव कोणी घातलं?" त्याला चहा पाजून परत पाठवताना माझ्या नाकी नऊ आले. पण त्या दिवसापासून खुर्चीतलं मूल काय बोलतं, ते मी कान टवकारून ऐकायला लागले.

नोकरीची शेवटची वर्षं मी सायखेड्याच्या पुढे, गोदाकाठच्या एका गावात काढली. मी मूळची पंचवटीतली. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचे विधी करायचं काम, त्यामुळे घरात भ्यायचं ते ग्रहणाला आणि आजोबांच्या सोवळ्याला. बिबट्याला भिणं मी त्या गावात शिकले. तिकडे दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये डांबरी पट्टी, आणि आपण स्कूटीवर. बिबट्यांना ऊस म्हणजे जंगलच वाटतं. तिथेच वितात, तिथेच वाढतात. मी त्या पट्टीवर हॉर्नवरचा अंगठा काढायचे नाही. गाणी म्हणत जायचे, तीही बेसूर, म्हणजे जनावराला नक्की कळावं.

माझ्या वर्गातली पोरं बिबट्याच्या बातम्या पाऊसपाण्यासारख्या सांगायची. "मॅडम, काल आमच्या बांधावर बसला व्हता." "मॅडम, चुलत्याची शेळी नेली." बोलायची अशी, पण रात्री अंथरूण ओलं करणारी पाचवीतली मुलं होती. शौचालयाला एकटं जायला नको म्हणायची. संध्याकाळी कुणी वाळत घातलेलं कापड हललं तरी किंचाळायची. मला वाटलं, ही भीती जरा पातळ करावी. म्हणून शोधून शोधून एक सिनेमा आणला. डोंगरातलं एक घर, घरात आई-बापाची रोज भांडणं, आणि मुलगी एकटी. तिला बिबट्याचं हरवलेलं पिल्लू सापडतं. ती ते माळ्यावर लपवते, त्याला दूध पाजते. मग हळूहळू घरातली सगळीच जणं त्या पिल्लात गुंततात आणि भांडणं मिटतात. सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा. मी तो घरी पाहून दोनदा डोळे पुसले होते.

सोमवारी पहिला भाग दाखवला. मुलगी पिल्लू उचलून घरी आणते आणि माळ्यावर ठेवून बाटलीने दूध पाजते, तिथे थांबवला. मुलं उड्या मारत घरी गेली. दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. आमच्याकडे लाईट शेतीच्या पंपांच्या वेळापत्रकाने यायची, शाळेच्या नाही. पिक्चर आपला माळ्यावरच्या पिल्लाशी अडकून पडला. गुरुवारी शेवटच्या तासालाही टीव्ही काळाच, तेव्हा म्हटलं, जेवढं पाहिलंय तेवढ्यावरच खुर्ची मांडू.

"पिक्चरमधली मुलगी कोण होतंय?"

हात वर आला वैष्णवीचा. ही मागच्या बाकावरची मुलगी, हजेरी घेताना 'हजर'सुद्धा इतकं हळू म्हणायची की शेजारणीने सांगावं लागे. वडील भाजीपाला आणि कांदा लावायचे; वस्ती गावाबाहेर, मळ्यात. आज तिचा हात असा ताठ वर. मी खूश झाले. म्हटलं, चला, पिक्चरने काम केलं.

ती खुर्चीत बसली. पोरांनी प्रश्नांची सरबत्ती केली.

"पिल्लाला कुठं ठेवलंय?"

"चाळीत. कांद्याच्या. क्रेट पालथा घालून."

वर्ग हसला. "ए येडे, माळ्यावर ठेवलंय ना!" मीसुद्धा हसले.

"काय खायला घालती?"

"दूध. बशीतून पीत नाय ते. फडक्याचा बोळा करायचा, दुधात बुचकळायचा अन् तोंडात द्यायचा. तरी निम्मं सांडतं."

माझं हसू तिथेच थांबलं. पिक्चरमधली मुलगी बाटलीने दूध पाजत होती.

"ओरडतं का?"

"दिवसा नाय. अंधार पडला का लय ओरडतं." असं म्हणून तिने घशातून एक आवाज काढला. ते मांजरासारखं म्याव नव्हतं. पाखराच्या चिरक्या हाकेसारखं काहीतरी होतं. खिडकीतल्या पोराने खिदळत तो आवाज काढून पाहिला, त्याला जमला नाही.

"चावतं का?"

"दात बारीक हायेत. नखं लागतात पण." आणि तिने हाताची बाही खाली ओढली. ओढताना मला तिचं मनगट दिसलं. त्यावर ताजे, तांबडे, जवळजवळचे ओरखडे होते.

त्यातच मला आठवलं, सकाळी प्रार्थनेला उभी असताना हीच पोर मैत्रिणीला सांगत होती, "काल रात्री आमचं कुत्रं नेलं. साखळीसकट." मी ते ऐकून सोडून दिलं होतं. त्या गावात कुत्रं जाणं ही काही बातमी नव्हती.

वर्गापुढे घाबरायचं नाही, हे शिक्षकाला कुणी शिकवावं लागत नाही. "छान! सगळ्यांनी टाळ्या वाजवा," म्हटलं, वर्ग शेजारच्या सरांच्या ताब्यात दिला आणि वैष्णवीला व्हरांड्यात घेऊन आले.

"खरं सांग बाळा. कुठून आणलंस?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मॅडम, कुणाला सांगू नका ना. गावातली मारून टाकतील त्याला."

"नाही मारू देणार. सांग."

सोमवारी शाळा सुटल्यावर ती शेजारच्या तोडलेल्या उसात गुरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला गेली होती. पाचटात पिल्लू एकटंच दिसलं. पिक्चरमधल्यासारखंच हरवलेलं. तिने ओढणीत गुंडाळून आणलं आणि चाळीत ठेवलं. आई-वडिलांना ठाऊक नव्हतं.

"मग तू शाळेत आल्यावर कोण बघतं त्याला?"

"सार्थक," ती म्हणाली. सार्थक तिचा धाकटा भाऊ, शाळेला लागून असलेल्या अंगणवाडीत यायचा. साडेतीन-चार वर्षांचा असेल. "आई त्याला दुपारी निजवून कांदे लावायला जाती. तो उठला का चाळीत जाऊन बसतो. राखण करतो."

"आत्ता?"

"आत्ता चाळीतच आसंल."

थंडीचे दिवस. ऊन उतरायला लागलं होतं. एका चाळीत एक पिल्लू, त्याच्याजवळ एक पोर, दोघांच्या भोवती ऊस, आणि त्या उसात एक आई, जिने काल रात्री त्या घराचं अंगण शोधून काढलं होतं. मी मोठ्या सरांना जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं. एरवी मला 'आराम' म्हणणारा तो माणूस एक प्रश्न न विचारता वनखात्याला फोन लावायला धावला. वैष्णवीच्या वडिलांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. तो बांधावरच्या झाडाला पिशवीत टांगलेला असायचा.

मी वैष्णवीला स्कूटीवर मागे घेतलं. त्या दिवशी गाणं सुचलं नाही. नुसता हॉर्न. पोर माझ्या कमरेला घट्ट धरून एकच विचारत होती, "मॅडम, त्याला मारणार नाय ना? मॅडम, त्याला मारणार नाय ना?" आणि माझ्या डोक्यात तिचा भाऊ होता. मी तिच्यावर खेकसले, "गप्प बस जरा!" नंतर मनाला लागलं, पण त्या वेळी माझ्यात गोड बोलायची ताकद नव्हती.

वस्तीवर कुणी नव्हतं. पत्र्याचं घर, दार उघडं. अंथरुणावर सार्थक नव्हता. मोरीजवळ नळ गळून माती ओली झाली होती आणि त्या मातीत पंजे उमटले होते. माझ्या हाताच्या पंजाएवढे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांची कड ओली आणि ताजी होती, एवढं मलाही दिसलं. पंजे घराकडून चाळीकडे गेले होते.

चाळ म्हणजे कांदे साठवायची लांबट झोपडी, दोन्ही बाजूंना वारा खेळावा म्हणून फटींच्या भिंती. चाळीच्या मागे हातभर बांध, आणि बांधापलीकडे न तोडलेला ऊस. "सार्थक," मी हाक मारली. आवाजच फुटेना. वैष्णवीने मारली. आतून उत्तर आलं, "काय?"

देवा! तो आत बसला होता. क्रेट बाजूला, आणि ते पिल्लू त्याच्या मांडीत, सदऱ्यात नाक खुपसून. मी आयुष्यात मांजराचं पिल्लूसुद्धा उचललेलं नाही. मी त्याच्याजवळ वाकले तर त्याने ते छातीशी घट्ट आवळलं. "माझं हाय."

"दे बाळा मॅडमकडे."

"नाय. माझं हाय."

मागे उसात सळसळ झाली. वारा नव्हता. तेवढ्यात पिल्लाने मान वर केली आणि खुर्चीतल्या वैष्णवीने काढला होता तोच आवाज काढला. सळसळ थांबली. थांबली म्हणूनच मी जास्त भ्याले. पाचावर धारण बसणं हे मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचे. त्याचा अर्थ मला त्या चाळीत कळला. वैष्णवीने पुढे होऊन भावाची बोटं एकेक करून सोडवली. मी ते ऊबदार, खरखरीत गाठोडं उचललं, खाली ठेवून त्यावर क्रेट पालथा घातला, आणि पोराला कडेवर मारून आम्ही उसाकडे पाठ न करता मागे सरकत घर गाठलं. दाराला कडी घातली आणि मी खालीच बसले.

वडील आणि आई आले ते मोठ्या सरांनी पाठवलेल्या माणसाबरोबर. आईने दोन्ही पोरांना ओढून घेतलं, मग वैष्णवीला एक ठेवून दिली, मग पुन्हा जवळ घेतलं. वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, "पिक्चर दावत्यात शाळेत, तेच घेऊन बसलीय सोमवारपासून. आम्हाला काय म्हाईत!"

वनरक्षक आले गांगुर्डे नावाचे, कळवणकडचे. शांत माणूस. त्यांनी हातमोजे घालून पिल्लू उलटसुलट पाहिलं. "चांगलंय. दमलंय, पण जगेल. आई जवळच हाय." मग वैष्णवीसमोर उकिडवे बसून विचारलं, "ताई, नेमकं कुठून उचललं ते दाखवायचं. ती तिथंच शोधाया येते. जागा चुकली तर घोळ होईल."

म्हणजे पोरीला पुन्हा बाहेर काढायचं होतं. आई नको म्हणाली. मी सोबत जाते म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली, पण आता काय! गांगुर्डे पुढे, वैष्णवी मध्ये, वडील आणि मी मागे. सूर्य टेकला होता. तोडलेल्या सरीत ती एका जागी थांबली, इकडेतिकडे पाहिलं, चार पावलं मागे आली आणि म्हणाली, "इथं." तिचा आवाज ठाम होता. गांगुर्ड्यांनी पिल्लाला उघड्या क्रेटमध्ये ठेवलं. कठडा पुरेसा उंच होता, त्याला चढून जाता आलं नसतं. आम्ही उलटपावली परतलो. पिल्लू मागे हाका मारत होतं. वैष्णवी एकदाही वळली नाही.

गांगुर्डे गाडीत काचा लावून बसले. आम्ही घरात. कडी, कडीला दोरी, दाराला धान्याची कोठी. आईने दिवा बारीक केला. बाहेर काळोख पडत गेला आणि पिल्लाची ती चिरकी हाक तेवढी येत राहिली. सार्थक आईच्या मांडीवर पेंगत होता.

माझी शिक्षकी खोड म्हणा किंवा भीतीने चाललेली बडबड म्हणा, मी वैष्णवीला हळूच विचारलं, "तू पिल्लाच्या आईच्या जागी असतीस, आणि पिल्लू मिळालंच नसतं, तर काय केलं असतंस?"

तिने दाराकडे पाहिलं. मग तिची नजर आईच्या मांडीवर गेली.

"दुसऱ्याचं नेलं असतं," ती म्हणाली.

आईने सार्थकला इतकं आवळलं की तो जागा होऊन रडायला लागला. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आणि तेवढ्यात बाहेर तो आवाज आला, करवतीने लाकूड कापावं तसा, एक ओढ, दुसरी ओढ, घराच्या अगदी मागून. पत्र्याला काहीतरी घासून गेलं. मी दोन्ही हातांनी कान झाकले, माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटावी इतकी मी भ्याले होते. पिल्लाची हाक एकदम बदलली, भरभर यायला लागली. मग प्लॅस्टिकचा क्रेट जमिनीवर फरपटला. मग काहीच नाही.

वडिलांच्या खिशातला फोन वाजला तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. गांगुर्डे होते. "नेलं," ते म्हणाले. "मानेला धरून नेलं. दार उघडू नका आणखी थोडा वेळ."

वैष्णवीला आणि सार्थकला दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन ओरखड्यांसाठी सुया टोचून घेतल्या. सार्थकने दवाखाना डोक्यावर घेतला. गावात आठवडाभर माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते मावशींनी मला इमानेइतबारे कळवलं. मोठ्या सरांनी मात्र तो विषय काढला नाही, आणि आरामाचाही काढला नाही.

पण वर्ग गप्प बसणारा नव्हता. "मॅडम, पुढचा पिक्चर! मॅडम, शेवट दाखवा ना!" मी टाळत होते. शेवटी एका सकाळी लाईट होती, पोरं हटून बसली होती, आणि अर्धी राहिलेली गोष्ट मुलांच्या डोक्यात सोडणं हेही बरं नव्हे. वैष्णवीला विचारलं, "लावू?" ती "लावा" म्हणाली. मी राहिलेला पिक्चर कुठेही न थांबवता लावला. नोकरीत पहिल्यांदाच. सगळं मी पाहिलं तसंच होतं. घरातली भांडणं मिटली, बापाने पिल्लाला कुशीत घेतलं, सगळं घर त्याच्याभोवती हसत बसलं. पिल्लाची आई पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही नव्हती. ती कुठे गेली, हे कुणी विचारतही नव्हतं. इतक्यांदा पाहूनही मी ते विचारलं नव्हतं.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मावशींनी डोळे पुसले. वैष्णवी बाकावरून उठली आणि न विचारता बाहेर गेली. मी दारापर्यंत गेले. ती शेजारच्या अंगणवाडीच्या दारात जाऊन उभी राहिली होती, आत तोंड करून नव्हे, बाहेर उसाकडे तोंड करून, दोन्ही हात चौकटीला लावून. आतमध्ये सार्थक पोरांबरोबर गाणं म्हणत होता. मी तिला वर्गात बोलावलं नाही. अंगणवाडी सुटेपर्यंत ती तिथून हलली नाही.